माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडलाय. त्यावरचा बॅटमॅन आता पुन्हा खेळण्यात मजा आहे का, की सरळ मोबाईलवर जुने गेम चालवणारं इम्युलेटर टाकू?

मोबाईलवर टाकू नका. खरं तर एवढं उत्तर पुरे, पण तुम्ही नेमकं आमच्या घरातल्या जुन्या भांडणावर बोट ठेवलंय, त्यामुळे जरा लांबेल.

तुम्ही म्हणताय तो सनसॉफ्ट या जपानी कंपनीचा जांभळा बॅटमॅनच असणार. टिम बर्टनच्या १९८९च्या चित्रपटावरून काढलेला. त्याच वर्षाच्या शेवटी तो जपानात आला आणि १९९०मध्ये अमेरिकेत. आमच्या साताऱ्यात पोचला तो पिवळ्या कॅसेटमधून, वर स्टिकर भलत्याच गेमचं. मारिओ आणि काँट्रा प्रत्येकाच्या 'अमुक हजार इन वन'मध्ये असायचे, बॅटमॅन मात्र राजवाड्याच्या बाजूला एकाकडून दिवसाच्या भाड्यानं आणायला लागायचा. त्यामुळे तो आला की दिवसभर टीव्ही आमचा, आणि आजी म्हणणार पिक्चर ट्यूब उडणार.

मे महिन्यात पुण्याहून आतेभाऊ यायचा. मोठा, त्यात पुण्याचा, म्हणजे त्याचा शब्द शेवटचा. पहिल्याच दिवशी त्यानं निकाल दिला, "तुमची कॅसेट डुप्लिकेट आहे, म्हणून बॅटमॅन जांभळा. ओरिजिनलमध्ये काळा असतो." गल्लीतली सगळी पोरं माझ्याकडे बघून हसली. कॅसेट डुप्लिकेट होती हे कबूलच, पण बॅटमॅन ओरिजिनलमध्येही जांभळाच आहे. त्या मशीनवर एका स्प्राइटच्या, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या चित्राच्या, पॅलेटमध्ये तीनच रंग बसतात, आणि बॅटमॅनच्या गॉथम शहराच्या काळ्याकुट्ट पडद्यावर काळा माणूस काढला तर तो दिसणार कुणाला? हे मी त्याला पुढे कितीदा तरी समजावलं. "असेल असेल," म्हणतो.

तर हाच माणूस यंदा गणपतीला आला आणि आरती झाल्यावर प्रसाद खाता खाता म्हणाला, "अरे, तो बॅटमॅन मी संपवला. मोबाईलवर. काही अवघड नाहीये, आपण लहान होतो म्हणून वाटायचा."

मी विचारलं, सेव्ह करत करत?

"मग काय, सोय आहे तर वापरायची."

आता ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, या गेमला सेव्ह नाही आणि पासवर्डही नाही. कंटिन्यू मिळतात, पण मशीन बंद झालं की पुन्हा पहिल्या रस्त्यापासून. आमच्याकडे तर मशीन बंद करायला वीज मंडळ होतंच. शेवटच्या टॉवरपर्यंत पोचायचं आणि लाईट जायची. आणि हा प्रत्येक उडीआधी इम्युलेटरमध्ये सेव्ह करून, पडला की मागे जाऊन म्हणतो संपवला! रोपवेनं गड चढून 'सर केला' म्हणण्यातला प्रकार.

मी काही न बोलता मशीन काढलं. ते मी उन्हाळ्यातच पोवई नाक्याकडच्या एका दुरुस्तीवाल्याकडून नीट करून घेतलं होतं. वडिलांनी भंगारात द्यायला नकार दिलेला डबा टीव्ही खालच्या खोलीत आहेच. जोडलं, रिमोट त्याच्या हातात दिला.

पहिली स्टेज त्यानं रेटून नेली. दुसऱ्या स्टेजला, त्या केमिकल फॅक्टरीत, भिंतीवरून भिंतीवर उड्या सुरू झाल्या आणि गडी अडकला. ही उडी म्हणजे या गेमचा जीव. भिंतीला अंग लागलं त्या क्षणी पुन्हा 'ए' बटण दाबायचं, की बॅटमॅन भिंतीला लाथ मारून उलट्या दिशेला उडतो. लवकर दाबलं तर काहीच होत नाही, उशीर झाला तर खाली. एवढ्यात आत्यानं हाक मारली, म्हणून यानं पॉज करायला स्टार्ट दाबलं. या गेममध्ये स्टार्टनं शस्त्र बदलतं, पॉज सिलेक्टवर आहे. हातातलं शस्त्र बदललं, बॅटमॅन उभा तिथेच मेला, आणि मला कळायचं ते कळलं. ज्यानं हा गेम खरंच संपवलाय त्याचा अंगठा स्टार्टवर जाणारच नाही. हा मोबाईलच्या मेनूतून थांबवत होता.

मग मी बसलो. शेवटच्या स्टेजच्या त्या दातेरी चक्रांच्या टॉवरवर घाम फुटला हे खरं, पण चढलो. फायरबग नावाच्या तिथल्या मोठ्या शत्रूला पाडलं आणि जोकरपाशी पोचलो. तिथे लोक लांबून शस्त्रं फेकत बसतात. माझं मत विचाराल तर त्याच्या अंगाला भिडून ठोसेच लगवायचे. तो वरून वीज पाडतो, ती आपल्या दिशेनं येतेच. लांब राहिलात तर वीज आणि पिस्तूल दोन्ही खाल. पडला जोकर. आतेभाऊ काय म्हणाला असेल? "तू टर्बो दाबलास." म्हणजे आपोआप पटापट दाबल्यासारखं करणारं बटण.

असो. तुमच्या मशीनचं. आधी अ‍ॅडॅप्टर बघा. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या मशीनच्या या नकलांना बहुतेक ९ व्होल्ट डीसी लागतो, आत ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ करतो. प्लगच्या मधल्या टोकाला प्लस आहे की मायनस, हे मशीनच्या बुडाला छापलेलं असतं. घरातला राऊटरचा अ‍ॅडॅप्टर बसतोय म्हणून खुपसू नका, उलटा लागला तर संपलं. कॅसेट फुंकू नका, तोंडाचा ओलावा पिनांना खातो. खोडरबरनं हलकं पुसून वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवा. पॉवरची खोबण, कॅसेटचा सॉकेट, बटणाखालचं रबर हे सगळं दुरुस्त होतं. बोर्डावरच्या काळ्या डांबराच्या ठिपक्याखालची चिप गेली असेल तर मात्र नाद सोडा.

आणि नव्या फ्लॅट टीव्हीला जोडून "मजा नाही आली" म्हणू नका. ते टीव्ही चित्रावर काहीबाही प्रक्रिया करून मग दाखवतात, तेवढ्या उशिरात भिंतीवरची उडी हुकते. गेम मोड असेल तर लावा, डबा टीव्ही मिळाला तर उत्तमच.

डबा टीव्ही नाही, मशीनही मेलंय, तर खेळा बापडे मोबाईलवर, पण ब्लूटूथचा रिमोट घ्या. काचेवर बोट घासून ही उडी जमत नाही. सेव्ह करून एखाद्या जागेचा सराव केला तरी माझी हरकत नाही. फक्त चारचौघांत संपवला म्हणू नका. मजेचं म्हणाल तर, चित्रं आता बाळबोध वाटतील, संगीत अजून अंगावर येतं.

आणि दादा, तू हे वाचणार मला माहीत आहे. माझ्या रिमोटचं टर्बोचं बटण चालत नाही. आतलं रबर कधीच झिजलंय. दुरुस्तीवाल्यानं विचारलं होतं बदलू का, मीच नको म्हटलं. पुढच्या खेपेला ये, उघडून दाखवतो.