फियाट १२४ स्पायडरचा टायमिंग बेल्ट टेन्शनर: दुसऱ्या गाडीचा बसवावा का?

नमस्कार. आपल्या १९७५ च्या फियाट १२४ स्पायडरच्या १७५६ सीसी इंजिनात टायमिंग बेल्टचा (व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा) टेन्शनर, म्हणजे तो बेल्ट ताणून धरणारी पुली व तिचा ब्रॅकेट, घरघर करतो आहे आणि पुली हाताने हलवली की सैलपणा जाणवतो. तेव्हा त्या जागी एखाद्या आधुनिक गाडीचा स्वयंचलित टेन्शनर बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की मूळ ब्रॅकेट आणि स्प्रिंग शाबूत असतील तर केवळ बेअरिंगसह पुली बदलावी, बाकी रचनेला हात लावू नये. तोपर्यंत गाडी अजिबात चालवू नका, कारण या घराण्यातील बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला किंवा काही दाते सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात.

ऑरेलियो लाम्प्रेदी यांनी रचलेले हे इंजिन १९६६ मध्ये १२४ स्पोर्टबरोबर आले, आणि दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट साखळीऐवजी दातेरी रबरी बेल्टने फिरवणे त्या काळी अगदी नवे होते. टेन्शनर मात्र साधाच ठेवलेला आहे. नट सैल केला की स्प्रिंग ब्रॅकेटला ओढून पुली बेल्टच्या पाठीवर दाबते आणि नट आवळला की ब्रॅकेट तिथेच पक्का होतो. म्हणजे स्प्रिंग फक्त ताण ठरवते, इंजिन चालू असताना तिला काही काम नसते. आधुनिक स्वयंचलित टेन्शनर याउलट सतत हलत राहतो, आणि त्याचा जोर व धक्के शोषण्याची क्षमता त्याच्या स्वतःच्या इंजिनाचा बेल्ट आणि कॅमचा भार पाहून ठरवलेली असते. तो इथे बसला तरी योग्य ताण देईलच याची काहीही हमी नाही.

पुली शोधताना फक्त १२४ चे नाव घेऊ नका. हेच इंजिन वेगवेगळ्या क्षमतांत फियाट १३१, १३२ आणि लान्चिया बेटा या गाड्यांतही होते, त्यामुळे त्यांचे सुटे भाग ठेवणाऱ्यांकडेही चौकशी करावी. पण खरेदी नावावर नव्हे, मापावर करावी. व्हर्नियर कॅलिपरने पुलीचा बाह्य व्यास, आतील छिद्र, रुंदी आणि बसण्याच्या पृष्ठभागापासून बेल्टच्या मध्यरेषेचे अंतर, ही चार मापे घ्या. चौथे माप बहुतेक जण विसरतात, आणि नेमके त्यातच चुकले तर बेल्ट एका कडेला सरकून त्याची किनार झिजू लागते. पुलीचे कवच वेगळे असून आत बेअरिंग दाबून बसवलेले असेल तर काम आणखी सोपे होते: बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो (उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे १७ मिमी छिद्र, ४० मिमी बाह्य व्यास आणि १२ मिमी रुंदी) आणि त्या क्रमांकाचे, दोन्ही बाजूंनी सील असलेले बेअरिंग नामांकित उत्पादकाचे घ्यावे.

स्वस्त बेअरिंग मी इथे कधीही सुचवणार नाही. क्रँकशाफ्टवरची (पिस्टनांनी फिरणारा मुख्य शाफ्ट) पुली २२ दात्यांची आणि दोन दात्यांत ९.५२५ मिमी अंतर असलेली धरली तर प्रत्येक फेऱ्याला सुमारे २१० मिमी बेल्ट पुढे सरकतो. ६० मिमी व्यासाच्या टेन्शनर पुलीचा परीघ सुमारे १८८ मिमी असल्याने ती इंजिनापेक्षाही वेगाने फिरते, तेही गरम इंजिनाशेजारी. याच कारणाने मूळपेक्षा लहान व्यासाची पुली टाळावी. थोडी मोठी चालू शकते, मात्र नट आवळण्यापूर्वी ब्रॅकेटला दोन्ही दिशांना सरकायला जागा उरली आहे ना, हे पाहावे. छिद्र मोठे असेल तर लेथवर पोलादी बुश (छिद्रात बसणारी नळी) कातून घट्ट बसवून घ्यावा. पत्र्याच्या पट्ट्या गुंडाळून जागा भरू नये.

बसवताना नवाच बेल्ट घ्या, आणि क्रँक व दोन्ही कॅमशाफ्टच्या खुणांबरोबर ऑक्झिलरी शाफ्टची (याच बेल्टने फिरणारा साहाय्यक शाफ्ट) खूणही जुळवा. तो शाफ्ट ऑइल पंप फिरवतो म्हणून त्याची जुळणी महत्त्वाची नाही असे अनेकांना वाटते, पण त्याच्यावरचा पेट्रोल पंपाचा उंचवटा चुकीच्या स्थितीत कनेक्टिंग रॉडला लागू शकतो. मग नट सैल ठेवून इंजिन हाताने, नेहमीच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवावे, स्प्रिंगला ढिलाई ओढून घेऊ द्यावी आणि त्यानंतर नट आवळून सर्व खुणा पुन्हा तपासाव्यात. इंजिन उलटे फिरवू नये, कारण ढिलाई टेन्शनरच्या बाजूकडून निघून दुसरीकडे जाते आणि बेल्ट दाते चुकवू शकतो.

हे सारे इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्याने इंजिन तापले की बेल्ट आपोआप अधिक ताणला जातो. गरम असताना ताण लावला तर तो थंडीत, आपल्याकडील न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तर विशेषच, ढिला पडेल. काही शे किलोमीटर चालल्यावर झाकण काढून, पुन्हा थंड इंजिनावरच, ताण तपासा आणि बेल्टच्या दोन्ही किनारी नीट पाहा. एका किनारीला तंतू सुटलेले दिसले तर पुली पुन्हा उतरवून ते चौथे माप, म्हणजे बेल्टच्या मध्यरेषेचे अंतर, घ्यावे लागेल.