काकिस्टोक्रसी म्हणजे काय?

प्रश्न : ‘काकिस्टोक्रसी’ या शब्दाचा उगम काय आणि त्याला ‘बेबंदशाही’ म्हणता येईल का?

उत्तर : सर्वांत नालायक माणसांच्या हाती गेलेली राज्यसत्ता, असा या शब्दाचा अर्थ आहे. ग्रीकमध्ये ‘काकिस्टोस’ म्हणजे अत्यंत वाईट आणि ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता; ‘अरिस्टोक्रसी’च्या, अर्थात सर्वोत्तमांच्या राज्याच्या, नेमका उलट असा हा शब्द घडवलेला आहे. वळण ग्रीक असले तरी शब्द प्राचीन नाही. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध चालू असताना, १६४४ मध्ये ऑक्सफर्ड येथे पॉल गॉस्नोल्ड या राजनिष्ठ धर्मोपदेशकाने, सुव्यवस्थित राजेशाही मोडून वेडगळ काकिस्टोक्रसी आणू पाहणाऱ्यांवर आपल्या प्रवचनात झोड उठवली, तेथे तो आढळतो. (म्हणजे जन्मापासूनच ही विरोधकांना हाणलेली शिवी!) पुढे १८२९ मध्ये टॉमस लव्ह पीकॉक या कादंबरीकारानेही तो वापरला.

‘बेबंदशाही’ मात्र मला पटत नाही. बेबंदशाहीत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसतो. येथे सरकार, हुकूम, सही-शिक्का सारे जागच्या जागी असू शकते, फक्त ते चालवणारे अगदी टाकाऊ असतात. त्यामुळे ‘नालायकशाही’ अधिक जवळचा वाटतो.