अर्ध्यांना पक्षी, अर्ध्यांना अनुराधपूर

प्रश्न : ताई, आम्ही चौदा जण फेब्रुवारीत श्रीलंकेला जायचं म्हणतोय. सहा जण पक्षीवेडे, मायणी आणि भिगवणला नेहमी जाणारे. बाकीच्यांना अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं दर्शन घ्यायचं आहे. त्यात माझ्या सासूबाई आणि त्यांच्या विहारातल्या मैत्रिणी आहेत. प्रवास कंपनीने आठ दिवसांत अकरा ठिकाणं बसवली आहेत. आत्ताच कुरबुरी सुरू झाल्यात. दोन गाड्या करून गट वेगळे न्यावेत का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : गट अजिबात फोडू नका. श्रीलंकेत तरी त्याची गरज नाही, कारण तुमच्या दोन्ही गटांना जे हवंय ते एकाच बांधावर उभं राहून दिसतं.

त्या देशाच्या उत्तर-मध्य भागात वर्षातले बरेच महिने पाऊस नसतो. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या राजांनी आणि गावकऱ्यांनी बांध घालून तळी केली. तळ्याला तिथे ‘वेव’ म्हणतात. त्या पाण्यावर भात पिकला, भातावर नगरं उभी राहिली, आणि त्या सुबत्तेतून स्तूप बांधले गेले. ज्या देवानांपिय तिस्स राजाच्या काळात सम्राट अशोकाचे पुत्र, भिक्खू महेंद्र थेर लंकेत आले आणि पाठोपाठ त्यांच्या भगिनी संघमित्रा थेरींनी बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणली, त्याच राजाचं नाव अनुराधपूरच्या तिस्स वेव तळ्याला आहे. सकाळी सगळ्यांनी मिळून जय श्री महाबोधीपाशी, म्हणजे त्याच बोधिवृक्षापाशी बसा, रुवनवेलिसाय स्तूपाला प्रदक्षिणा घाला. चारनंतर सगळ्यांनी मिळून तिस्स वेवच्या बांधावर जा. झोळीवाले, चित्रबलाक, पाणकावळे, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. तुमच्या भिगवणवाल्यांना ओळखीची मंडळी भेटतील. दुर्बीण सासूबाईंच्या हातात द्यायला मात्र विसरू नका. मागे पाहिलं की झाडांच्या वर स्तूपाचा पांढरा घुमट असतो. तळं आणि स्तूप एकाच माणसांनी बांधले हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मिहिंतले तिथून जेमतेम अर्ध्या तासावर आहे. राजा हरणाच्या शिकारीला निघाला होता आणि तिथे त्याची महेंद्र थेरांशी गाठ पडली, अशी परंपरा आहे. पुढे तो डोंगर प्राण्यांसाठी अभय झाला. जगातल्या अतिशय जुन्या अभयारण्यांत त्याची गणना करतात. पक्षीनिरीक्षकांनाही हे तीर्थच वाटायला हवं. पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा ज्येष्ठांना वरच्या वाहनतळापर्यंत गाडीने न्या.

आता अकरा ठिकाणांविषयी. नकाशावर देश लहान दिसतो, महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा, आणि कार्यक्रम आखणारे तिथेच फसतात. रस्ते चांगले पण अरुंद, वळणाचे, गावांतून जाणारे. कोलंबोहून सिगिरियाला पोचायलाच चार तास जातात. तुमच्या यादीतलं ‘याला’ राष्ट्रीय उद्यान, एल्ला, नुवर एलिया, बेंटोटा हे सगळं या खेपेला काढून टाका. ‘याला’ हे उत्तम जंगल आहे, तिथला बिबट्या जगभरातून लोक बघायला येतात. पण त्यासाठी दोन दिवस गाडीत बसावं लागेल आणि सकाळी जीपांच्या रांगेत थांबावं लागेल. त्याऐवजी असं करा : हबरण परिसरात चार रात्री, कँडीत दोन, सिंहराजाच्या जंगलालगत दोन. एक दिवस वाढवता आला तर तो सिंहराजाला द्या.

हबरणहून अनुराधपूर, पोळोन्नरुव आणि सिगिरिया तिन्ही दिवसभरात जाऊन-येऊन होतात. रोज सामान बांधणं वाचतं, आणि ज्येष्ठांच्या गटात याचं मोल फार आहे. पोळोन्नरुवात गलविहाराच्या एकाच कातळातल्या बुद्धमूर्ती पाहा आणि मग पराक्रम समुद्र नावाच्या तळ्यावर जा. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाने पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, अशी नोंद चूळवंश या लंकेच्या जुन्या बखरीत आहे. त्या नावाचा अर्थ पाण्याचा विस्तार पाहिल्यावर कळतो.

एक अर्धा दिवस कुठल्याही छोट्या गावतळ्यासाठी राखा. मोठ्या बसने नव्हे, मुक्कामाच्या जागेवरून एखाद्या शेतकऱ्याला सोबत घेऊन पायी. एका तळ्याचं भरून सांडलेलं पाणी खालच्या तळ्यात, त्याचं त्याच्या खालच्या, अशी ही माळ असते. तळ्याच्या वरच्या अंगाला वारा अडवणारी झाडं राखलेली असतात, बांधाच्या खाली पाझरातला क्षार शोषणारा झाडोऱ्याचा पट्टा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या माणसाला या बांधावर जितकं शिकायला मिळतं, तितकं कुठल्याही संग्रहालयात मिळत नाही. मला स्वतःला साऱ्या देशात सर्वांत प्रिय जागा हीच वाटते.

सिगिरियाचे सुमारे बाराशे पायऱ्यांचे चढ सगळ्यांना झेपणार नाहीत. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या जलोद्यानांत मात्र सपाटीवर फिरता येतं. तिथली कारंजी आजही भर पावसाळ्यात उडतात. चढणाऱ्यांनी दार उघडताच निघावं. आणि जाण्याआधी जमलं तर अजिंठ्याचं १७ क्रमांकाचं लेणं पुन्हा पाहून या. त्यात दंतकथेतल्या सिंहलाची लंकेवरची स्वारी रंगवली आहे, आणि सिगिरियाच्या भित्तिचित्रांचा काळही जवळपास तोच. विहारातल्या मैत्रिणींना हेही सांगा की १९५०मध्ये बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला आले होते. धर्मांतराच्या सहा वर्षं आधी.

प्रश्न : हत्तींचा मोठा मेळावा पाहायचा आहे. फेब्रुवारीत दिसेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तो मेळावा कोरड्या महिन्यांतला, साधारण जुलै ते सप्टेंबर. मिन्नेरिया तळं आटू लागलं की उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि शेकडो हत्ती त्यासाठी उतरतात. हे तळंही तिसऱ्या शतकातल्या महासेन राजाने बांधलेलं. अलीकडे काही वर्षी बाहेरून पाणी आल्याने गवत बुडालेलं राहिलं आणि हत्ती कमी आले, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलात तरी आदल्या दिवशी चौकशी करा. मिन्नेरिया, कौडुल्ल आणि हुरुलू ही तिन्ही जंगलं एकमेकांना लागून आहेत, हत्ती त्यांत फिरत असतात, आणि आज ते कुठे आहेत हे जीपवाल्यांना ठाऊक असतं. एकाच जंगलाचा हट्ट धरू नका.

हत्तीवर बसायची आणि त्याला नदीत आंघोळ घालायची हौस मुलांना असते. कृपा करून ती पुरवू नका. त्यासाठी प्राण्याला जे सोसावं लागतं ते मुलांना समजेल अशा शब्दांत सांगा. दक्षिणेला जाणार असाल तर उडवलवेचं संक्रमण केंद्र दाखवा. १९९५पासून तिथे पोरक्या पिल्लांना वाढवून जंगलात सोडतात आणि लोकांना फक्त दुरून, दूध पाजायच्या वेळी पाहता येतं.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. नारळाची चटणी आणि भाज्या मिळतात म्हणे, मग काळजी नाही ना?
– एक कुटुंब, पुणे

उत्तर : काळजी नेमकी त्या चटणीचीच घ्या. पोल सांबोल म्हणजे खोबरं, मिरची, कांदा, लिंबू, आणि पुष्कळदा त्यात उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा. पालेभाजीतही तो जातो, दिसत नाही, आणि वाढणाऱ्याला ते ‘मासे’ वाटतही नाहीत. म्हणून केवळ ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मस एपा, मालु एपा, उंबलकड एपा’ म्हणा : मांस नको, मासे नको, उंबलकड नको. तमिळ शैव उपाहारगृहांत निश्चिंत बसा. कोवळ्या फणसाचं कालवण, वरण, नारळाच्या दुधात शिजवलेला भात, म्हणजे किरिबत, आणि म्हशीच्या दह्यावर किथुळचा पाक नक्की खा. किथुळ म्हणजे आपल्या कोकणातला भेर्ली माडच.

प्रश्न : सिंहराजात जळवा फार असतात असं ऐकलंय. वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना न्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालण्याची सवय असेल तर जरूर न्या. जानेवारी ते मार्चमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो, जळवाही कमी. गुडघ्यापर्यंतचे कापडी जळूमोजे तिथे मिळतात. चिकटलीच तर नखाने तोंडाकडून सरकवा, चटका देऊ नका. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. वडील रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा.

हे जंगल १९८८पासून जागतिक वारसा आहे आणि तिथे पक्षी बघण्याची रीत आपल्यापेक्षा निराळी. तासभर काहीच दिसत नाही. मग सातभाईंचा कलकलाट ऐकू येतो, कोतवाल उत्तर देतो, आणि त्यांच्या मागोमाग दहा-बारा जातींचा मिश्र थवा डोक्यावरून जातो. नशीब असेल तर फक्त श्रीलंकेत आढळणारा निळा मॅगपायही. सात-आठ मिनिटांत सगळं शांत. मोठ्या गटात कुणीतरी बोलतंच, आणि हे क्षण हातचे जातात. वरच्या सांगलीकरांसारखे चौदा जण असाल तर दोन वाटाडे घ्या, सात-सात जण थोडं अंतर ठेवून चाला. वडिलांना वाटाड्याच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे चाल त्यांच्या वेगाने राहील आणि थांबणंही जास्त होईल.

प्रश्न : स्तूपापाशी फोटो काढले तर चालतं का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : चालतं, पण बुद्धमूर्तीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, तिथे हा मोठा अनादर मानतात. खांदे आणि गुडघे झाकलेले, शक्यतो पांढरे कपडे. चपला आणि टोपी काढायची. दुपारी फरशी भाजते, तेव्हा जुने मोजे जवळ ठेव. प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते. त्या दिवशी अनुराधपूरला गेलीस तर गर्दी होईल, पण पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं कमळं घेऊन सावलीत दिवसभर बसलेली दिसतील. त्यांच्याजवळ बसायचं असेल तर कॅमेरा पिशवीत ठेव आणि आधी विचार. बहुधा ते सरकून जागा देतात.