साताऱ्यात कारचे ब्रेक पॅड कोणते घ्यावेत आणि भरवशाचा मेकॅनिक कसा ओळखावा?
यवतेश्वर किंवा केळघर घाट नेहमीचा असेल तर सुटे, बिननावाचे पॅड नकोतच. लांब उताराला तापले की पकड सुटते. चासी नंबर सांगून कंपनीचे किंवा बॉशसारखे सीलबंद पॅड घ्या. पॅडचं घासणारं अस्तर ३ मिमीवर आलं की डावे-उजवे दोन्ही एकदम बदलायचे.

मेकॅनिककडे जुने पॅड हातात मागा. आतला झिजून पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा जाड दिसला, तर बहुधा कॅलिपरची, म्हणजे पॅड चाकाच्या चकतीवर दाबणाऱ्या भागाची, स्लाइड पिन (ज्यावर तो सरकतो) जाम आहे. ती काढून, घासून, ब्रेकचंच ग्रीस लावणारा माणूस सोडू नका. नुसते पॅड बसवून दिले तर नवेही तसेच एकतर्फी झिजतील. डिस्कची, म्हणजे त्या चकतीची, जाडी तो व्हर्नियरने मोजतो का, तेही बघा. किमान आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पहिले २०० किमी कचकन ब्रेक मारू नका, घाटही टाळा.