अनेक भाषांच्या वस्तीत रहिवासी संघाचं काम नेमकं काय असतं? नोकरी सांभाळून जमतं का?

जमतं. आठवड्याला तीन-चार तास जातात. मी सहा वर्षं करतोय, त्यातली तीन सचिव म्हणून. ‘नुसत्या सभाच होतात का?’ असंही तुम्ही विचारलंय. सभा भरपूर होतात, तेवढी तयारी ठेवा.

बाकी काम म्हणजे पाठपुरावा. बंद दिवा, तुंबलेलं गटार, उखडलेला पदपथ. ‘आमच्या गल्लीत अंधार आहे’ एवढंच लिहिलेली तक्रार दिवा न लागताच निकाली निघते. खांबाचा नंबर, तारीख आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक टाकला की तीच तक्रार हलते. आमच्याकडे एका शाळकरी मुलाने सायकलवर फिरून सगळ्या खांबांचे नंबर वहीत उतरवून घेतले. अध्यक्षांपेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त झालाय (अध्यक्ष हे वाचत असतील तर माफी).

अवघड गोष्ट वेगळीच आहे. वस्तीत पाच-सहा भाषा बोलल्या जातात, पण सभेला येणार तेच दहा-बारा जण: एकाच भाषेचे, स्वतःच्या घरात राहणारे, संध्याकाळी मोकळे असणारे. एकदा कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्या साचू लागल्या. ‘भाडेकरू घाण करतात’ असं सभेत ठरूनही गेलं. मीही मान डोलावली. मग आम्ही दोघं दारोदार फिरलो, तर तिसऱ्याच घरी उलगडा झाला. कचरागाडीची वेळ तासभर अलीकडे आली होती आणि तशी सूचना आम्हीच लावली होती, फक्त आमच्या भाषेत. ही माणसं रात्रपाळीहून येऊन जुन्या वेळेला पिशवी खाली ठेवून झोपायला जात होती. त्या घरातल्या बाईंनी पेन मागितलं आणि सूचनेच्या कागदाच्या मागे आपल्या भाषेत दोन ओळी लिहून दिल्या. त्याच्या प्रती लावल्यावर पिशव्या बऱ्याच कमी झाल्या. उरल्या त्यातल्या काही आमच्याच एका सभासदाच्या निघाल्या. त्या बाई आज खजिनदार आहेत.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसतं शेजारी राहिल्याने पूर्वग्रह जात नाहीत; बरोबरीच्या नात्याने, एकाच उद्दिष्टासाठी, मिळून काम करावं लागतं आणि त्याला संस्थेचा पाठिंबा लागतो. सभेत घरमालक आणि भाडेकरू बरोबरीचे नसतात. वही घेऊन खांब मोजताना असतात. त्यामुळे स्नेहमेळाव्यांवर माझा फारसा भरवसा नाही, वर्षातून एक पुरे.

पैशाचं मात्र पहिल्या दिवसापासून चोख ठेवा: खात्यावर दोन सह्या, दर महिन्याचा हिशेब फलकावर. इथे शंका आली की ती लगेच ‘त्यांच्या लोकांनी खाल्ले’ या वळणावर जाते.

आणि पहिल्या वर्षी पद घेऊ नका. सूचना वाटायचं काम मागा. ते कोणालाच नको असतं, लगेच मिळेल.