ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना: ‘या सामन्यात फॉर्म चालत नाही’ हे खरं आहे का? अंदाज बांधायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या केरीला नवीन आलेत. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या शेजारच्या दोन विद्यापीठांच्या मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल सामन्यावर ऑफिसात अंदाज लावायची चढाओढ सुरू आहे. एक सहकारी म्हणतो, “या सामन्यात क्रमवारी, फॉर्म काही बघू नका, ज्याचं नशीब तो जिंकतो. २०१९ ला बूट फाटला आणि ड्यूक हरली, झालं.” शिवाय तिकीट मिळेल का, आणि पुण्यात वडिलांना सामना किती वाजता दिसेल, हेही विचारलंय.

तिकीट आणि वेळ शेवटी सांगतो. आधी त्या बुटाचा निकाल लावू. हा युक्तिवाद दर फेब्रुवारीत नव्यानं ऐकावा लागतो आणि दरवेळी तितकाच पोकळ असतो.

२० फेब्रुवारी २०१९, डरहमचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम, म्हणजे ड्यूकचं घरचं मैदान. ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर, नॉर्थ कॅरोलिना आठव्या. पहिल्याच मिनिटात ड्यूकचा स्टार झायन विल्यमसनचा पाय घसरला, बूट उसवला, गुडघा दुखावला आणि तो आत गेला तो परतला नाही. नॉर्थ कॅरोलिना ८८–७२ नं जिंकली. लोकांच्या लक्षात राहिला तो बूट. बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) उघडून बघायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

त्या रात्री नॉर्थ कॅरोलिनानं २० थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) टाकले, पडले फक्त २. ड्यूकनं ३९ टाकले, पडले ८. नशीब म्हणतात ते बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त थ्री-पॉइंटरमध्ये असतं, म्हणून ते बाजूला काढून बघा. ड्यूकची त्या हंगामाची सरासरी ३१ टक्क्यांच्या आसपास होती. तेवढे पडले असते तर ३९ मधले १२, म्हणजे १२ गुण जास्त. नॉर्थ कॅरोलिनाची सरासरी ३५ टक्क्यांच्या वर होती. २० मधले निदान ७, म्हणजे १५ गुण जास्त. दोघांचंही नशीब सरळ केलं तर १६ चा फरक १९ होतो! म्हणजे नशीब, असलंच तर, ड्यूकच्या बाजूनं होतं.

सामना ठरला पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात. तिथून आलेले गुण ६२ विरुद्ध २८. नॉर्थ कॅरोलिनाकडून ल्यूक मे ३० गुण, १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू). कॅमेरॉन जॉन्सन २६ गुण. ड्यूककडून आर. जे. बॅरेट ३३ आणि कॅम रेडिश २७, म्हणजे ७२ पैकी ६० गुण दोघांचे, बाकी सगळे मिळून १२. झायन गेल्यावर आत घुसणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते बाहेरूनच मारत राहिले. ज्या संघाला बाहेरून नीट मारता येत नाही त्यानं ३९ थ्री-पॉइंटर मारले. याला नशीब म्हणत नाहीत.

मग झायन नसण्यानं फरक पडला नाही का? पडला, भरपूर पडला. ९ मार्चला चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलिनाच्या घरी, पुन्हा झायनशिवाय, नॉर्थ कॅरोलिना ७९–७०. १५ मार्चला एसीसी (दोघं ज्या गटात खेळतात तो अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात झायन परत आला, ३१ गुण आणि ११ रिबाउंड, ड्यूक ७४–७३. तेच दोन संघ, साधारण साडेतीन आठवडे, आणि ड्यूकच्या बाजूनं फरक उणे १६, उणे ९, अधिक १. पण यातून ‘काहीही होऊ शकतं’ सिद्ध होत नाही, उलटंच होतं. रिंगजवळ कोण उभा आहे हे बदललं आणि निकाल त्याच दिशेनं सरकला.

उलट उदाहरणही घ्या. मार्च २०२५, एसीसीचाच उपांत्य सामना. ड्यूकचा स्टार कूपर फ्लॅगचा घोटा आदल्या दिवशी दुखावलेला, तो खेळला नाही. तरी ड्यूक ७४–७१ नं जिंकली. (नॉर्थ कॅरोलिनाचा शेवटच्या क्षणांतला बरोबरीचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) लेन व्हायोलेशनमुळे, म्हणजे सहकारी वेळेआधी आत शिरल्यामुळे, रद्द झाला, तेही खरं.) फ्लॅग नव्हता, पण ७ फूट २ इंचांचा खमान मलुआच बास्केटखाली होता, मारायला कॉन क्नुप्पल होता. तेव्हा ‘स्टार बाहेर’ एवढीच बातमी वाचून आकडा बदलू नका. तो जे काम करायचा ते आता कोण करणार, हे विचारा. गुण काढणारा गेला तर त्याचे शॉट वाटून घेता येतात. एकटा रिंग सांभाळणारा गेला तर त्याची जागा तशी भरत नाही.

आता हिशेब. ‘प्रति सामना गुण’ हा आकडा सोडून द्या. दोघींनी किती पोळ्या लाटल्या ते मोजायचं आणि किती वेळ लाटत होत्या ते विचारायचंच नाही, तसला तो प्रकार आहे. नॉर्थ कॅरोलिना वर्षानुवर्षं वेगात खेळत आली आहे, त्यामुळे तिचे गुण फुगलेले दिसतात, आणि खाल्लेलेही. मोजायचं ते १०० पझेशनमागे; पझेशन म्हणजे चेंडू एका संघाच्या हाती आल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी. पझेशन काढायचं सूत्र: फील्ड गोलचे प्रयत्न, उणे आक्रमक रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटचे), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारता गमावलेले चेंडू), अधिक ०.४७५ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न. हाताने करत बसायची गरज नाही. केन पॉमेरॉय आणि बार्ट टॉर्विक या दोन आकडेतज्ज्ञांच्या साइटवर प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार सुधारलेले आकडे तयार मिळतात. टॉर्विकची फुकट आहे आणि तिथे तारखा टाकून फक्त गेल्या महिन्याचे आकडे काढता येतात. ते जरूर काढा. नोव्हेंबरात जो संघ खेळत होता तो मार्चमध्ये तसाच असतो असं नाही.

समजा एका संघाचं निव्वळ मानांकन (केलेले उणे खाल्लेले गुण) १०० पझेशनमागे अधिक २८ आहे आणि दुसऱ्याचं अधिक २०. फरक ८. सामना ७० पझेशनचा धरला तर ८ गुणिले ०.७ म्हणजे तटस्थ मैदानावर ५.६ गुण. घरच्या मैदानाचे ३ धरा. बलवान संघ घरी असेल तर ८.६, पाहुणा असेल तर २.६. इथे लोक एक चूक हमखास करतात. सुधारित आकड्यांत घर-बाहेरचा हिशेब आधीच धरलेला असतो, तरी ‘कॅमेरॉनला त्यांचं रेकॉर्ड बघा’ म्हणत घरचा फायदा दुसऱ्यांदा जोडतात. कॅमेरॉनमध्ये ९,३१४ माणसं मावतात, चॅपल हिलच्या स्मिथ सेंटरमध्ये २१ हजारांहून जास्त. कॅमेरॉनला विद्यार्थी अगदी कोर्टच्या रेषेवर असतात, म्हणून आवाज जास्त वाटतो. म्हणून ३ चे ८ गुण होत नाहीत. २०२२ ला फेब्रुवारीत ड्यूकनं चॅपल हिलला ८७–६७ नं धुतलं आणि मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिनानं डरहमला ९४–८१ नं परतफेड केली, तीही ड्यूकचे प्रशिक्षक माइक शेशेव्स्की यांच्या शेवटच्या घरच्या सामन्यात. दोन्ही वेळा पाहुणा जिंकला.

आणि तुमच्या सहकाऱ्यासाठी खास. कॉलेज बास्केटबॉलमध्ये निकाल अशा अंदाजाभोवती साधारण ११ गुणांच्या प्रमाण विचलनानं विखुरतात. म्हणजे साडेपाच गुणांनी वरचढ संघसुद्धा दहातले तीन सामने हरतो. हे कट्टर वैरामुळे होत नाही. कुणाचं लक्ष नसलेल्या मंगळवारच्या सामन्यातही हेच होतं, फक्त तो कुणी आठवत नाही. ड्यूक–नॉर्थ कॅरोलिनाचे उलटे निकाल लक्षात राहतात कारण सगळा देश बघत असतो. जो अपेक्षेप्रमाणे लागला, त्यावर ऑफिसात दुसऱ्या दिवशी कुणी बोलत नाही.

आकडा हातात आला की चार गोष्टी तपासा: शॉटची गुणवत्ता, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड, फ्री थ्रोवर जाण्याचं प्रमाण. बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी यांना साधारण ४०, २५, २०, १५ असं वजन दिलंय. शॉटसाठी साधी टक्केवारी न घेता थ्री-पॉइंटरला दीडपट मोजणारी घ्या: पडलेले सगळे शॉट अधिक त्यातल्या थ्री-पॉइंटरचे निम्मे, भागिले एकूण प्रयत्न. ‘यांच्याविरुद्ध लोक २९ टक्केच थ्री मारतात, काय बचाव आहे!’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. समोरच्याचा थ्री पडणं न पडणं बचावाच्या हातात फार थोडं असतं. तो किती वेळा मारू द्यायचा, हे मात्र असतं. म्हणून टक्के सोडा, प्रयत्नांची संख्या बघा.

फ्री थ्रो वजनात शेवटी असले तरी चुरशीच्या सामन्यात तेच गळा धरतात. ८ फेब्रुवारी २०२०, स्मिथ सेंटर. नॉर्थ कॅरोलिना दुसऱ्या अर्धात १३ नं पुढे होती. शेवटी ३ गुणांनी मागे असताना ड्यूकच्या ट्रे जोन्सला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला घातला, दुसरा मुद्दाम रिंगवर आपटला, उडालेला चेंडू स्वतःच पकडला आणि शिटीबरोबर बरोबरी केली. जादा वेळेत वेंडेल मूर ज्युनियरनं चुकलेला शॉट अगदी शेवटच्या क्षणी आत ढकलला, ९८–९६. सगळे जोन्सची हुशारी सांगतात. नॉर्थ कॅरोलिनाचे फ्री थ्रो होते ३८ पैकी २१. सत्तर टक्के पडले असते तर २६ झाले असते आणि जादा वेळेची वेळच आली नसती. तेव्हा संघाची सरासरी बघू नका. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू ज्यांच्या हातात असेल त्या दोन-तीन गार्डची टक्केवारी बघा, कारण फाउल त्यांच्यावरच होणार.

बेंच, म्हणजे राखीव खेळाडू, हा मुद्दा लोक भलताच ताणतात. २०२२ च्या त्या मार्चमधल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या विजयात गुण असे: आर्मांडो बेकॉट २३, केलेब लव्ह २२, आर. जे. डेव्हिस २१, ब्रेडी मॅनेक २०. लीकी ब्लॅक धरून पाचच जणांवर संघ चालला होता. याच पाच जणांनी २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्सच्या फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत) ड्यूकला ८१–७७ नं हरवलं, लव्ह २८ गुण. मग दोनच दिवसांत अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला १५ नं पुढे असून ७२–६९ नं हरले. माझा अर्थ साधा आहे: एका शनिवारी बेंच जवळजवळ लागत नाही, तीन दिवसांत दोन सामने असले की लागतो. तुमचा सामना शनिवारचा आहे. फक्त आधीचा सामना कधी झाला ते बघून घ्या.

सामना सुरू झाल्यावर बदल करायची मुभा असेल तर पहिल्या अर्धात घड्याळ १२ मिनिटांच्या खाली गेल्यावरच्या टाइमआउटपर्यंत थांबा. गुणफलक बघू नका. मोठ्या सेंटरवर किती फाउल आहेत ते बघा. दोन झाले की बरेच प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बसवतात, आणि मग २०१९ चा पेंट आठवा. संघाचे फाउलही मोजा. एका अर्धात सातव्यापासून समोरच्याला एक-अधिक-एक (पहिला पडला तरच दुसरा फ्री थ्रो), दहाव्यापासून सरळ दोन फ्री थ्रो. लवकर सातवर गेलेला संघ आत बचाव करायला घाबरतो.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. मार्चमधला सामना बहुतेक दुसरी भेट असते, एकमेकांच्या चाली पाठ झालेल्या असतात, त्यामुळे पहिल्या सामन्यात चाललेली एखादी ठरलेली चाल दुसऱ्यात अडते. पण पहिल्या भेटीतला फरक जशाचा तसा पुढे ओढू नका. एक सामना म्हणजे एक नमुना. आणि ‘गेल्या दहात सहा यांचे’ वगैरे तर अगदीच निरुपयोगी. ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी विद्यापीठ बदलायची सोय) आणि एका वर्षात एनबीएला जाणारी मुलं यामुळे निम्मा संघ दर वर्षी नवा असतो. मॅनेकसुद्धा त्याच वर्षी ओक्लाहोमाहून आलेला होता. माझ्या वरच्या २०१९ च्या गणितातही एक ढोबळपणा आहे. चुकलेल्या थ्रीमधून आक्रमक रिबाउंड मिळतात, तेवढं त्यात धरलेलं नाही. तरी १६ चा फरक त्यानं पुसला जात नाही, हे सहकाऱ्याला आवर्जून सांगा.

कोण जिंकेल? वॉर्म-अपमध्ये कोण कोण उतरलंय ते बघितल्याशिवाय नाव टाकू नका. वरच्या हिशेबातला तटस्थ मैदानावरचा फरक ३ गुणांच्या आत आला तर घरच्या संघाचं नाव टाका आणि फार विचार करू नका. हंगामाचा शेवटचा साखळी सामना सम वर्षी कॅमेरॉनला आणि विषम वर्षी चॅपल हिलला, असा क्रम चालत आलाय.

तिकीट: कॅमेरॉनचं विसरा. तिथे ड्यूकचे विद्यार्थीसुद्धा कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात तेव्हा आत जातात. चॅपल हिलला पुनर्विक्रीत मिळतं, पण पैसे ऐकून बसाल. वेळ: संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला तर वडिलांना पुण्यात रविवारी पहाटे ५ वाजता. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे होतात. सामना त्याच्या आदल्या संध्याकाळी असला तरी चिंता नको, बदल पहाटे २ ला होतो, तोवर खेळ संपलेला असतो.