चुकीचं सॉफ्टवेअर आणि कोरी फाइल

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीत असतानाच रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजाराने नजर खालावली. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने मोठा मॉनिटर आणि अक्षरं मोठी करणारं सॉफ्टवेअर दिलं. त्याचा उपयोग होत नाही, हे साहेबांना अनेकदा सांगितलं. आता संथ कामाबद्दल कारणे दाखवा नोटीस आली आहे, खुलाशाला सात दिवस आहेत. साहेब म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या. काय करू?

उत्तर: अशी पत्रं सतत येतात आणि 'साहेबांना सांगितलं होतं' हे वाक्य जवळपास प्रत्येकात असतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांत तुमच्या सहीचा एकच कागद आहे आणि तो तुमच्याच विरुद्ध जातो: मॉनिटर मिळाल्याची पोच, त्यावर 'साधन समाधानकारक' असा शेरा. वापरून न बघता सही का केलीत? दोन वर्षांत चार ओळींचा अर्ज का दिला नाहीत? कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण फाइलमध्ये त्याला धरायला जागा नाही, म्हणून इतकं कडक लिहितोय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला वाजवी सुविधा द्यावीच लागते. त्यावर वाद होणार नाही. कार्यालय म्हणेल, 'सुविधा दिली की!' म्हणून सगळं कलम २(वाय) मधल्या व्याख्येवर येऊन ठरेल. अवाजवी भार न टाकता, 'विशिष्ट प्रकरणात' करायचे आवश्यक आणि योग्य बदल, म्हणजे वाजवी सुविधा. विशिष्ट प्रकरण म्हणजे तुमचे डोळे आणि तुमच्या टेबलावरचं काम. 'दृष्टिदोष असलेले कर्मचारी' असा सरसकट गट इथे चालत नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग (२०२१) या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं: व्यक्तीची गरज भागली नाही तर वाजवी सुविधेचं तत्त्वच मोडतं.

तुमच्या आजारात नजरेचा घेर कडेकडून आवळत जातो. अक्षर मोठं केलं की त्या अरुंद घेरात आणखी कमी मजकूर मावतो, ओळ हरवते, वाचन मंदावतं. ज्याच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, त्याला तेच सॉफ्टवेअर उपयोगी पडू शकतं. दोघांच्या प्रमाणपत्रावर 'अल्पदृष्टी' असलं तरी गरज उलटी. हे नेत्रतज्ज्ञांकडून लेखी घ्या, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा अहवाल जोडा. माझ्या मते त्या पोचपावतीला खरं उत्तर याच कागदाने मिळेल.

खुलाशासोबत वेगळा मागणी अर्ज द्या. त्यात एका कंपनीचं नाव रेटू नका. खरेदी विभाग त्याच मुद्द्यावर फाइल अडवतो. काम लिहा. मला मराठी टिपणी वाचायची आणि टाइप करायची आहे, म्हणून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मराठीत बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर हवं. आलेली पत्रं स्कॅन असतात, म्हणजे संगणकासाठी नुसती चित्रं, म्हणून चित्रातली देवनागरी अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर हवं. जुने नमुने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर स्क्रीन रीडर त्यांतून निरर्थक अक्षरं वाचतो, म्हणून ते युनिकोडमध्ये करून द्यावेत. प्रशिक्षण आणि सरावाचा काळही मागा. स्क्रीन रीडर बसवला म्हणजे दुसऱ्या दिवशी वेग येत नाही. 'परवडत नाही' हे उत्तर आलं तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठीही वाचतो, हे दाखवा. आधी तो तुमच्या रोजच्या फाइलींवर चालवून बघा आणि काय वाचलं जातं, काय नाही, ते अर्जात नोंदवा. कार्यालयाच्या संगणकावर बसवायला परवानगी लागेल, तीही लेखी मागा.

आता मुदत. कलम २३ प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असायला हवा आणि तक्रारीची चौकशी नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत व्हायला हवी. नोंद झाल्यापासून! साहेबांच्या केबिनमध्ये बोललेल्या शब्दाला नोंद नसते, म्हणून तुमच्या दोन वर्षांत हे दोन आठवडे एकदाही सुरू झाले नाहीत. समाधान झालं नाही तर पुढे जिल्हास्तरीय समिती आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. आयुक्तांची शिफारस आली की कार्यालयाने कारवाई करून तीन महिन्यांत त्यांना कळवायचं असतं.

नोटीस मागे घेतली जाईलच, असं मी सांगू शकत नाही. खुलाशाची भाषा, आधीचे शेरे आणि समोरचा अधिकारी, यांवर बरंच अवलंबून आहे. गोपनीय अहवाल बिघडला असेल तर तो स्वतंत्र विषय. प्रशासकीय न्यायाधिकरणाचा रस्ता आहे, पण तारखांमध्ये वर्षं जातात आणि तोवर तुम्ही त्याच मॉनिटरसमोर बसलेले असाल. त्यामुळे आधी वरचे दरवाजे ठोठवा.

स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर मात्र सही नको. नोकरीत दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, हे कलम २०(४) सांगतं. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतलं दुसरं पद द्यावं लागतं. स्वतःहून बाहेर पडलात तर हे कवच मागणं फार अवघड होईल. खुलासा आणि अर्ज उद्याच आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.